परवान्याचे वाण आणि आपले बेणे



या सदरात एरवी आम्ही लावणीचे अंतर, खताचे हप्ते, हुमणी, खोडव्याची निगा असे विषय घेतो. या अंकातला विषय कागदाचा आहे. तो का घ्यावा लागला ते आधी सांगतो.

आडसाली लावणीच्या धामधुमीत एक सभासद गट ऑफिसला आले. काखेत प्लास्टिकची पिशवी, तीत एकतीस पानांचा इंग्रजी करार. त्यांची साडेतीन एकर जमीन उसाखाली आहे, आणि वर माळाची दोन एकर. त्या माळावर परदेशी द्राक्षाच्या एका नव्या वाणाची बाग धरायची आणि माल युरोपला पाठवायचा, असे थोरल्या मुलाच्या मनात आहे. वाण परदेशातल्या एका पैदासकार कंपनीचा. इथल्या एका निर्यातदाराने तिच्याकडून परवाना घेतलेला, आणि तो पुढे शेतकऱ्यांशी करार करतो. सभासदांनी पिशवी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, “साहेब, रोपाचे पैसे मी देणार. पाणी माझं, औषध माझं, मांडव माझा. आणि पोरगं म्हणतंय, वेल त्यांची! हे कसं काय?”

आमच्या कृषि पदविकेत हा विषय नव्हता. शिवाय आमच्या मनात एक जुनी टोचणी आहे. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका तरुण सभासदाने हरितगृह उभारून जरबेऱ्याची रोपे घेतली. वाण नेदरलँडच्या पैदासकाराचा, रोपाच्या किमतीतच रॉयल्टी धरलेली, सोबत दोन पानांचा कागद सहीला. त्याने आम्हाला विचारले. आम्ही म्हणालो, “कर की सही, काही नसतं त्यात.” दोन वर्षांनी त्याने गड्डे फोडून फुटवे वेगळे केले, काही स्वतःच्या दुसऱ्या हरितगृहात लावले, काही मेव्हण्याला दिले. ऊस करणाऱ्या माणसाला यात गैर ते काय वाटणार? पण त्या दोन पानांत नेमके तेच करायचे नाही असे लिहिलेले होते. नोटीस आली, रोपे उपटून टाकावी लागली, वर वकिलाचा खर्च. सही त्याची होती, पण सल्ला आमचा होता. म्हणून ही एकतीस पाने आम्ही बाजूला सारली नाहीत. तालुक्याच्या वकिलांकडे दोन संध्याकाळी बसून सगळी वाचून घेतली.

परवाना म्हणजे काय हे कळायला खंडाची जमीन डोळ्यांपुढे आणावी. दुसऱ्याची जमीन खंडाने केली म्हणजे पीक आपले, पण सातबारा त्याच्याच नावावर. मुदत संपली की बांधावरून खाली उतरायचे. परवान्यात जमिनीच्या जागी वाण असतो, किंवा पेटंट घेतलेली एखादी युक्ती, किंवा नाममुद्रा. तिचा सातबारा पैदासकाराकडे राहतो, आपल्याला फक्त वापरण्याची मुभा मिळते, आणि त्याबद्दल जो खंड द्यायचा त्याला रॉयल्टी म्हणतात. निर्यातदाराने परवाना घेऊन तो पुढे शेतकऱ्यांना दिला, तर तो पोटखंड झाला. पोटखंडाने जमीन करणाऱ्याला जी भीती असते तीच इथेही असते. ती कोणती ते पुढे येईल.

एक फरक मात्र आहे. जमीन जिथे आहे तिथेच असते. वाणाचा हक्क प्रत्येक देशाच्या सरकारने वेगळा दिलेला असतो आणि त्या देशाच्या हद्दीत संपतो. एकाच वाणावर इस्राएलमध्ये हक्क असेल, युरोपात असेल आणि भारतात नोंदच केलेली नसेल, असे होऊ शकते. मुदतीही निरनिराळ्या. आपल्याकडे वेली आणि झाडांच्या वाणाला १८ वर्षे, बाकी पिकांना १५. युरोपात वेलींना आणि झाडांना ३० वर्षे.

आता आपल्या पिकाकडे येऊ. उसात आपल्याला हे सगळे नवे का वाटते? कारण आपले बेणे आजवर असल्या कागदावाचून सीमा ओलांडत आले. जावा बेटावरच्या पासुरुआन येथील केंद्रात १९२१ साली पी.ओ.जे. २८७८ हा वाण तयार झाला. तिथले राज्य डच लोकांचे. तो वाण जगभर गेला, आपल्या कॅनॉल भागातही आला. कोइमतूरच्या ऊस पैदास केंद्राने, जे १९१२ मध्ये सुरू झाले, त्याचा संकर को. २९० शी केला आणि त्यातून को. ४१९ निघाला. आपल्या आजोबांनी पुंड्या सोडून जे ऊस धरले त्यांत हा को. ४१९ होता. आज आपल्या कार्यक्षेत्रात घरोघरी असलेला को. ८६०३२, ज्याला आपण निरा म्हणतो, तो को. ६२१९८ आणि कोसी ६७१ यांच्या संकरातला. आणि कोसी ६७१ ची आई कोण? क्यू ६३. क्यू म्हणजे क्वीन्सलँड, ऑस्ट्रेलिया. म्हणजे निऱ्याच्या अंगात ऑस्ट्रेलियन आजी आहे, आणि तिच्यासाठी आपण एक छदाम कुणाला दिलेला नाही.

उलटही घडले. को. ४२१ आणि को. ३१२ यांचा संकर कोइमतूरला झाला. त्याचे तुऱ्याचे बी दक्षिण आफ्रिकेत नाताल प्रांतात गेले, तिथे त्याची रोपे करून निवड झाली आणि १९४५ साली एन.को. ३१० हा वाण बाहेर पडला. नावातला ‘एन’ नातालचा, ‘को’ कोइमतूरचा. हा ऊस पुढे तैवान, ओकिनावापर्यंत पसरला. कोइमतूरने त्याचे बिल पाठवले नाही. तेव्हा आपल्याकडे तसा कायदाच नव्हता. वाण हा शास्त्रज्ञांच्या देवघेवीचा विषय होता, जसा दोन गावांत वळू फिरावा तसा.

ही देवघेव कागदावर आली ती पुढे. १९६१ साली पॅरिसमध्ये काही देशांनी पैदासकारांच्या हक्कांचा करार केला. आपण आजही त्याचे सदस्य नाही. १९९५ पासून जागतिक व्यापार संघटनेचे सदस्य झाल्यावर मात्र वाणांना पेटंट तरी द्या किंवा स्वतःची वेगळी व्यवस्था तरी करा, असे बंधन आले. भारताने पेटंट नाकारले. पेटंट कायद्यात वनस्पती, बियाणे आणि वाण वगळलेले आहेत. त्याऐवजी २००१ साली वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा केला.

या कायद्याचे ३९ वे कलम सभासदांनी माहीत करून घ्यावे असे आम्हाला फार वाटते. संरक्षित वाणाचे असले तरी आपल्या शेतातले बी शेतकऱ्याने ठेवावे, पेरावे, पुन्हा पेरावे, बदलावे, वाटावे, विकावे. हा हक्क त्याला कायदा होण्याआधी होता तसाच आहे, असे त्यात लिहिले आहे. कायद्याच्या व्याख्येत बी म्हणजे ज्यातून तसाच वाण उगवतो असा कोणताही भाग, म्हणजे आपली टिपरीसुद्धा. बंदी एकच. संरक्षित वाणाच्या नावाचे लेबल लावून, पिशवीत किंवा डब्यात भरून ते विकता येत नाही. तेव्हा शेजाऱ्याला दोन गुंठ्यांचे बेणे दिले तर कुणी विचारणार नाही. पण जे सभासद ट्रेमधली रोपे वाणाचे नाव छापून जिल्हाभर विकतात, त्यांनी तो वाण नोंदलेला आहे का आणि त्याचा परवाना लागतो का हे आधी विचारून घ्यावे. रोपवाटिका हा धंदा आहे, आणि धंद्याला ही सूट पुरेल असे धरून चालू नये.

ब्राझीलच्या ऊसकऱ्याला हा हक्क नाही. तिथला वाण संरक्षणाचा कायदा १९९७ चा. इतर पिकांत शेतकऱ्याला घरचे बी ठेवता येते, पण उसाला मुद्दाम वेगळे काढले आहे. ठरावीक मापापेक्षा मोठी जमीन असलेल्याने कारखान्याला जाणारा ऊस केला, तर स्वतःच्या वापरासाठी बेणे वाढवायलाही पैदासकाराची परवानगी हवी. लहान शेतकरी त्यातून सुटतो. पैसे मागितलेच तर ते शेतीचा आर्थिक तोल बिघडवतील एवढे असू नयेत, असेही कायद्यात आहे. तिथे किडीला तोंड देणारा जनुकबदल केलेला ऊसही २०१७ साली मंजूर झाला. उद्या असा एखादा वाण परवान्याने आपल्याकडे आला, तर काय काय विचारायचे हे आजच कळलेले बरे.

आणि तसा अनुभव आपल्या राज्याच्या गाठीला आहेच. उसात नाही, कपाशीत.

जालन्याच्या महिकोत अमेरिकेच्या मोन्सँटोने १९९८ साली २६ टक्के भाग घेतला आणि दोघांनी मिळून एक भागीदारी कंपनी काढली. बोंडअळीला मारणारे जनुक अमेरिकेचे, आणि ते इथल्या बियाणे कंपन्यांना पोटपरवान्याने द्यायचे काम या भागीदारीचे. मार्च २००२ मध्ये बीटी कपाशीला मंजुरी मिळाली, २००६ मध्ये दुसरी पिढी आली. चाळीसहून अधिक कंपन्यांनी पोटपरवाना घेतला. सुरुवातीला एकरकमी ५० लाख रुपये, ते परत मिळायचे नाहीत. वर प्रत्येक पाकिटामागे गुणमूल्य, म्हणजे रॉयल्टी. २००५-०६ च्या सुमारास ४५० ग्रॅमचे पाकीट १६०० रुपयांच्या वर होते आणि त्यातले सुमारे १२५० रुपये गुणमूल्याचे होते. आंध्र प्रदेश सरकारने मक्तेदारी आयोगाकडे तक्रार केली, तेव्हा कुठे भाव ७५० वर आला.

इथे एक गोष्ट बारकाईने पाहावी. त्या पहिल्या पिढीच्या जनुकाला भारतात पेटंट नव्हते. तरी रॉयल्टी घेतली गेली, ती करारावर! माल त्यांच्या हातात, मंजुरी त्यांच्या हातात, आणि कंपन्यांनी सही केलेली. हक्क देशाच्या हद्दीत संपतो असे आम्ही वर म्हटले, पण सहीला हद्द नसते. ज्या गोष्टीवर इथे कायद्याने कुणाचा हक्क नाही, तिच्यासाठीही आपण कराराने बांधले जाऊ शकतो.

दुसऱ्या पिढीला मात्र २००८ मध्ये पेटंट मिळाले, आणि मग भांडण लागले. २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये भागीदारी कंपनीने नुझिवीडू सीड्सचा पोटपरवाना रद्द केला. केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये दर नियंत्रणाचा आदेश काढला. पाकिटामागे १६३ रुपयांच्या आसपास असलेले गुणमूल्य २०१६ ला ४९ वर आले, २०१८ ला ३९, २०१९ ला २०. स्पर्धा आयोगाने २०१६ मध्ये चौकशी लावताना करार संपल्यावरच्या अटी प्रथमदर्शनी जाचक वाटतात असे म्हटले. एप्रिल २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने पेटंटच रद्द धरले, जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल बाजूला ठेवून खटला परत पाठवला. त्याच वर्षी पेटंटची मुदत संपली. २०२१ साली दोघांनी आपसात मिटवले. म्हणजे वनस्पतीत घातलेल्या जनुकाचे पेटंट भारतात कुठवर चालते, या प्रश्नाचा त्या खटल्यात शेवटचा निकाल लागलाच नाही.

शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर? २०२० ला गुणमूल्य शून्य झाले आणि पाकिटाचा भाव ७३० होता तो ७३० च राहिला. वीस रुपये बियाणे कंपनीकडे सरकले. आणि गुलाबी बोंडअळीने २०१७ मध्ये विदर्भ-मराठवाड्यात जो कहर केला तो सर्वांना आठवत असेल. परवान्याची रक्कम ही वापरण्याबद्दल असते, अळी मरेलच याबद्दल ती नसते. वाणाच्या बाबतीत मात्र ३९ व्या कलमात दुसरी सोय आहे. नोंदलेला वाण पैदासकाराने सांगितल्याप्रमाणे उतरला नाही, तर शेतकऱ्याला प्राधिकरणाकडे भरपाई मागता येते.

बटाट्याचे प्रकरण थोडक्यात सांगतो. वेफर्ससाठीचा एफ.एल. २०२७ हा अमेरिकेत तयार झालेला वाण पेप्सिकोने २०१६ मध्ये इथे नोंदला. २०१९ ला गुजरातमधल्या काही शेतकऱ्यांवर कंपनीने दावे लावले, चौघांकडून तर प्रत्येकी एक कोटीहून अधिक मागितले. ओरड झाली, दावे मागे घेतले. पुढे डिसेंबर २०२१ मध्ये प्राधिकरणाने नोंदणी रद्द केली आणि जानेवारी २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने ती पुन्हा उभी केली. यावरून सभासदांनी दोन्ही गोष्टी ध्यानात घ्याव्यात. ३९ वे कलम आहे, आणि ते असूनही समन्स दारात येऊ शकते.

आता ती एकतीस पाने. द्राक्षात परवान्याची पद्धत नाशिक भागात रुळू लागली आहे, आणि सरसकट ती वाईट आहे असे आमचे मत नाही. नव्या वाणाला युरोपात भाव चांगला, पावसात मणी कमी तडकतो म्हणतात, आणि ज्याने वीस-वीस वर्षे घालून वाण काढला त्याने फुकट द्यावा असे आपणही म्हणू नये. शिवाय चोरून काडी आणून बाग लावणाऱ्याची गाडी शेवटी युरोपच्या बंदरावर अडते. तिथे वाण संरक्षित असेल, तर परवान्याशिवाय लावलेल्या वेलीचा मालसुद्धा हक्कदाराला अडवता येतो. इथे नोंद आहे की नाही हे तिथला कस्टमवाला विचारत नाही.

पण वकील वाचू लागले तसतसे सभासद खुर्चीत पुढे सरकू लागले. रॉयल्टी रोपामागे एकदा, आणि पुढे दर वर्षी किलोमागे, ती डॉलरमध्ये. २०१० मध्ये डॉलर ४५ रुपयांच्या आसपास होता, २०२३ मध्ये ८२-८३ झाला. द्राक्षाचा भाव युरोमध्ये, मजुरी रुपयात आणि खंड डॉलरमध्ये असे तीन बैल एका जोखडाला! गारपीट झाली तरी किमान रॉयल्टी द्यायचीच. रॉयल्टी ‘सर्व कर वगळून निव्वळ’ पोचवायची. या चार शब्दांचा अर्थ असा की, परदेशी पैसे पाठवताना इथे जो प्राप्तिकर कापून भरावा लागतो, तो त्यांच्या रकमेतून न जाता देणाऱ्याच्या अंगावर येतो. निर्यातदार तो शेतकऱ्यावर ढकलणार हे पुढच्याच पानावर होते.

बाविसाव्या पानावर जे होते त्याने आम्हीच थबकलो. बागेत एखादी फांदी वेगळी निघाली, रंग वेगळा, मणी लांब, तर ती पंधरा दिवसांत कळवायची आणि तिचा सर्व हक्क कंपनीचा. आपल्याकडे सोनाका आणि तास-ए-गणेश आले ते कसे? शेतकऱ्यांनीच थॉमसनच्या बागेत हिंडताना वेगळी फांदी ओळखली, जपली, वाढवली. हे कलम त्या काळी असते तर ती नावे आपल्या तोंडी बसली नसती. वकिलांनी सांगितले की पेटंटच्या परवान्यात सुधारणा एकतर्फी परत मागणे आपल्या पेटंट कायद्याच्या १४० व्या कलमाने बेकायदेशीर आहे, पण हा वाण आहे, पेटंट नव्हे, तेव्हा ते कलम इथे सरळ लागू करता येत नाही.

मग पोटखंडाची भीती. निर्यातदाराचा मूळ परवाना काही कारणाने तुटला, तर आपल्या दोन एकरांचे काय? करारात लिहिले होते की वेली नव्वद दिवसांत मुळासकट काढायच्या, स्वतःच्या खर्चाने. मांडव उभा, कर्ज उभे आणि वेल गेली. आणि वाद झाला तर लवाद लंडनला. “लंडनला कोण जातंय,” सभासद म्हणाले. जायला नको हे खरे, पण निवाडा इकडे येतो. १९५८ च्या न्यूयॉर्क करारात भारत सामील आहे, त्यामुळे परदेशी लवादाचा निवाडा इथल्या न्यायालयामार्फत वसूल होऊ शकतो. ३९ व्या कलमाचा हक्क अशा करारापुढे टिकतो का, हा वकिलांच्या वादाचा विषय आहे. तो वाद कोठे आणि कोणत्या भाषेत चालणार, हेही त्याच करारात ठरलेले असते.

आम्ही त्यांना सही करू नका असे म्हटले नाही. चार मागण्या मराठीत लिहिल्या, वकिलांनी इंग्रजी केल्या. मूळ परवाना तुटला तर पैदासकार कंपनीने आमच्याशी थेट करार चालू ठेवावा. नैसर्गिक आपत्तीच्या वर्षी किमान रॉयल्टी माफ असावी. नव्या फांदीचा हक्क निम्मा शेतकऱ्याचा असावा. आणि लवाद पुण्यात बसावा. याखेरीज निर्यातदाराच्या मूळ परवान्याची प्रत पाहायला मागितली, म्हणजे पुढे पोटपरवाना द्यायचा अधिकार त्याला खरोखर आहे का ते कळेल. ही पाचवी गोष्ट खरे तर पहिली मागायला हवी होती. ती आम्हाला शेवटी सुचली.

दीड महिन्याने उत्तर आले. आपत्तीच्या वर्षाची सूट मान्य, लवाद पुण्यात मान्य, मूळ परवान्याची पहिली चार पाने पाहायला मिळाली. फांदीबद्दल साफ नकार. थेट कराराबद्दल ‘विचार करू’ एवढेच. मुलगा म्हणतो सही करू या, सभासद म्हणतात यंदा माळावर एकच एकर धरू. बापलेकांचे अजून ठरलेले नाही.

अशा प्रकारचा करार, मग तो द्राक्षाचा असो, फुलांचा असो की ढोबळी मिरचीचा, ज्या सभासदांकडे आला असेल त्यांनी सही करण्यापूर्वी त्याची प्रत घेऊन दर मंगळवारी सकाळी ऊस विकास विभागात यावे. वकील महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी बसतील. वाचून घेण्याचे काही शुल्क नाही. सही करून झाली असेल तरीही यावे. पुढील अंकात नेहमीप्रमाणे खोडवा घेऊ.